कॉलेजातून अधिकारी होण्याची वाट

कॉलेजात शिकता शिकता लष्करी अधिकारी होण्याची आपल्याकडची वाट महायुद्धांनी पाडली. १९१७ मध्ये फौजेला माणसे कमी पडू लागली, तेव्हा विद्यापीठांत पलटणी उभ्या राहिल्या. पुढे त्यांचे ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’ झाले आणि १९४२ मध्ये त्या नावात ‘ऑफिसर्स’ हा शब्द आला. कारण तेच, पुन्हा युद्ध.

आमच्या पालघरात मात्र १९४२ म्हटले की १४ ऑगस्टच आठवतो. त्या दिवशी ‘चले जाव’च्या मोर्चावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. एकीकडे कॉलेजच्या मुलांना अधिकारी करू पाहणारे इंग्रज सरकार इथे बंदुका चालवत होते. त्याच्या वर्दीची ओढ इथल्या कोळ्या-शेतकऱ्यांच्या घरांत कुठून यावी?

स्वातंत्र्यानंतर, १५ जुलै १९४८ रोजी, त्या कोअरच्या जागी एनसीसी (राष्ट्रीय छात्रसेना) उभी राहिली. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये ती कॉलेजांत सक्तीची झाली, १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. सक्ती उठली ते योग्यच झाले. पण ही वाट असते हे मुलांना आपोआप कळायचे, तेही थांबले. लगोलग १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, मग बोईसरला एमआयडीसी वाढली. हुशार मुलाने डिप्लोमा करावा, कंपनीत चिकटावे, हा आईबापांचा हिशेब साधा आणि खरा होता.

म्हणूनच बोईसरहून लोकलने कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींना एक गोष्ट पहिल्याच वर्षी सांगायला हवी. एनसीसीच्या सी सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड आणि पदवीला पन्नास टक्के असतील, तर एनसीसी स्पेशल एंट्रीत लेखी परीक्षा माफ असते. उमेदवारांची छाननी होऊन थेट एसएसबीचे, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीचे, बोलावणे येते. निवड झाली की चेन्नईची अधिकारी प्रशिक्षण अकादमी. १९९२ पासून मुलीही तिथे घडू लागल्या. पण सर्टिफिकेटमागे काही वर्षांची परेड आणि शिबिरे असतात. शेवटच्या वर्षी जाग आली तर ती भरून निघत नाहीत, मग यूपीएससीची सीडीएस ही लेखी परीक्षाच द्यावी लागते.

एसएसबीचे पाच दिवस बोलणे, विचार आणि पुढाकार यांचा कस लावतात. इथे आपली मुले बुजतात, ती कुवत कमी म्हणून नव्हे, सराव नसतो म्हणून. त्या तयारीसाठी नाशिक रोडला राज्य सरकारचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, राहणे-जेवण मोफत. पालघरहून जव्हार-त्र्यंबकमार्गे तिथे एका दिवसात पोहोचता येते.