दहा हजार ल्युमेनची बॅटरी

गावाकडे टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणतात. ‘बॅटरी घेऊन जा, बांधावर अंधार आहे,’ असं आजोबा म्हणाले की शहरातली नातवंडं हसतात. हसू नये. काच, नळी, बटण असं सगळं जमेला धरलं तरी टॉर्चची ताकद शेवटी आतल्या सेलाइतकीच असते. एवढं ध्यानात ठेवलं, तर ‘टॅक्टिकल’ टॉर्चच्या खोक्यावरचे निम्मे दावे दुकानातच गळून पडतात.

‘जितके ल्युमेन जास्त, तितका टॉर्च भारी’

ऑनलाइन दुकानात सात-आठशे रुपयांचा टॉर्च असतो आणि खोक्यावर १०,००० ल्युमेन, म्हणजे बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप, छापलेलं असतं. कधी ५०,०००, तर कधी थेट एक लाख. आत बहुधा १८६५० जातीचा एक लिथियम सेल असतो. नावातच माप आहे, १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. या मापाच्या चांगल्या सेलात सुमारे ३,५०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) मावतात. सेलाच्या सरासरी ३.६ व्होल्टने गुणलं की साडेबारा वॅट-तास ऊर्जा हाती येते. एलईडी आणि तिला वीज पुरवणारं सर्किट यांतून, पुढे आरसा आणि काच ओलांडून, वॅटमागे साधारण १०० ल्युमेन बाहेर पडतात, असं ढोबळमानाने धरू. म्हणजे १०,००० ल्युमेनला १०० वॅट हवेत आणि साडेबारा वॅट-तासांचा सेल साडेसात मिनिटांत रिकामा होणार. मुळात या जातीचे बहुतेक सेल एका वेळी एवढी वीज देऊच शकत नाहीत.

शिवाय उष्णतेचं काय? एलईडीत शिरलेल्या विजेचा निम्म्याहून जास्त भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. तशी दोन-तीन आयर्न मुठीत धरल्याची कल्पना करा. खोक्यावरचा आकडा खरा असता तर टॉर्च हातात धरवला नसता.

पडताळणी घरीच होते. ९ वॅटच्या एलईडी बल्बच्या खोक्यावर साधारण ८०० ते ९०० ल्युमेन लिहिलेले असतात. रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करा, टॉर्च टेबलावर उभा ठेवून झोत पांढऱ्या छताकडे सोडा आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं का ते पाहा. मग टॉर्च बंद करून ९ वॅटचा बल्ब लावा. १,००० ल्युमेनच्या खऱ्या टॉर्चने खोली जवळपास तेवढीच उजळायला हवी. दहा हजारांचा टॉर्च असेल तर अकरा बल्ब एकदम लावल्यासारखं वाटलं पाहिजे. ही काही प्रयोगशाळेतली मोजणी नव्हे, पण दसपट थाप ओळखायला पुरते.

सेलांचंही तसंच. ‘९९०० एमएएच’ लिहिलेला १८६५० सेल जगात कोणी बनवत नाही. चांगल्या सेलाचं वजन ४५ ते ५० ग्रॅमच्या आसपास भरतं. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तो तिशीतच अडकला, तर आत काय भरलंय ते विचारू नका.

आणि समजा ल्युमेन खरे असले, तरी डोळा त्यांच्या हिशेबाने चालत नाही. उजेड दुप्पट वाटायला ल्युमेन साधारण चौपट लागतात. ८०० आणि १,००० ल्युमेनमधला फरक खोक्यावर मोठा दिसतो, पायवाटेवर जाणवतसुद्धा नाही. त्यासाठी जास्तीचे हजार रुपये मोजणाऱ्याला मी अडवणार नाही, छंदाला मोल नसतं. पण गरज म्हणून मोजू नयेत.

‘ल्युमेन भरपूर, म्हणजे लांबवर दिसणार’

बागेत पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी तेवढंच राहतं, पण धार लांब जाते. ल्युमेन म्हणजे नळीतून येणारं एकूण पाणी. अंगठ्याचं काम करतात टॉर्चमधला आरसा किंवा भिंग, आणि धारेचा जोर मोजायचं एकक आहे कॅन्डेला. ३०० ल्युमेनचा, पण खोल आणि गुळगुळीत आरशाचा टॉर्च शेताच्या पलीकडच्या टोकाला पोचतो. १,००० ल्युमेनचा पसरट टॉर्च अंगण लख्ख करतो आणि गोठ्यापलीकडे त्याचा जीव संपतो.

टॉर्च मोजायचं एक अमेरिकी मानक २००९ साली आलं आणि चांगले उत्पादक ते पाळतात. ते ‘अ‍ॅन्सी एफएल-१’ या नावाने खोक्यावर सापडतं. त्यातली ‘झोताचं अंतर’ ही व्याख्या मला फार आवडते. झोत क्षीण होत होत जिथे ०.२५ लक्सवर येतो, तिथपर्यंतचं अंतर धरायचं, आणि ०.२५ लक्स म्हणजे निरभ्र रात्री मोकळ्या माळावर पडलेलं पौर्णिमेचं चांदणं. म्हणजे खोक्यावरचे ‘४०० मीटर’ एवढंच सांगतात की ४०० मीटरवर चांदणं पडेल. त्या चांदण्यात झाड कळेल, पण झाडाखाली बसलेलं कुत्रं आहे की बिबट्या, ते कळेलच असं नाही. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, म्हणून नीट ओळख पटण्यासाठी खोक्यावरचा आकडा निम्मा करून वाचावा. हिशेब सोपा आहे. कॅन्डेलाचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं. १०,००० कॅन्डेलाचे २०० मीटर, ४०,०००चे ४००. खोक्यावर कॅन्डेलाच नसतील, तर अंतराचा आकडा कुठून आला हे दुकानदाराला विचारायला हरकत नाही.

याच मानकात ‘किती वेळ चालेल’ याचीही व्याख्या आहे आणि ती ग्राहकाने डोळसपणे वाचण्यासारखी आहे. सुरुवातीचा उजेड घटत दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ ‘रनटाइम’मध्ये धरतात. ‘१,००० ल्युमेन, ३ तास’ याचा अर्थ तीन तास १,००० ल्युमेन असा होत नाही. तिसऱ्या तासाच्या शेवटी १०० उरले तरी दावा खराच ठरतो. सुरुवातीचे ल्युमेन टॉर्च लावल्यावर अर्ध्या ते दोन मिनिटांच्या दरम्यान मोजतात. कितीतरी टॉर्च ‘टर्बो’वर दोन-तीन मिनिटं तळपतात आणि मग तापल्यामुळे स्वतःहून खाली उतरतात. यात फसवणूक नाही, छोट्या नळीला उष्णता बाहेर टाकायला वेळ लागतो इतकंच. टर्बो क्षणभर दूरवर पाहण्यापुरता असतो. खरेदी करताना मधल्या पायरीचे ल्युमेन आणि ती किती तास टिकते, हे पाहावं.

तळाची पायरी तर त्याहून महत्त्वाची, आणि तिच्याकडे कोणी पाहतच नाही. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि हजार ल्युमेनचा एक झोत ते सगळं पुसून टाकतो. तंबूत पाण्याची बाटली शोधायला एक ल्युमेन पुष्कळ झाला. पायवाटेला ५० ते १०० पुरतात. जूनच्या तोंडावर भंडारदऱ्याला किंवा राजमाचीला काजवे बघायला जाणाऱ्यांनी तर टॉर्च खिशातच ठेवावा. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीचा संवाद असतो, आपण मध्येच झोत मारला की तो तुटतो.

‘टॅक्टिकल म्हणजे लष्करी, म्हणजे मजबूत’

‘टॅक्टिकल’ या शब्दामागे कुठलीही चाचणी नाही. कोणीही छापू शकतो. पण त्याला इतिहास आहे. अमेरिकेत पोलिसांच्या पट्ट्याला दंडुक्यासारखे लांब अ‍ॅल्युमिनियमचे टॉर्च असायचे. १९७९ साली आलेला मॅगलाइट त्यांतला सर्वांत गाजलेला. पुढे १९८०च्या दशकात शुअरफायर कंपनीचा ‘६पी’ आला. मुठीत मावणारा हा टॉर्च एका हातात पिस्तूल असताना दुसऱ्या हाताने वापरता यायचा, कारण त्याचं बटण शेपटाला होतं. अंगठा दाबला की उजेड, सोडला की अंधार. साध्या बल्बवर चालणाऱ्या त्या टॉर्चचा उजेड होता ६५ ल्युमेन. होय, पासष्ट. टॅक्टिकल टॉर्चची व्याख्या घडवणारा टॉर्च आजच्या किल्लीच्या जुडग्यातल्या दिव्यापुढे फिका पडेल. म्हणजे त्याची खासियत उजेडाच्या राशीत नव्हतीच. ती अरुंद झोतात होती, आणि अंधारात न चाचपडता सापडणाऱ्या एकाच बटणात.

म्हणून टॅक्टिकल म्हणवणाऱ्या टॉर्चवर शेपटाचं बटण तीनदा दाबल्यावर ‘एसओएस’, मग ‘स्ट्रोब’, मग पुन्हा ‘हाय’ असा फेरा असेल, तर त्याने आपलं नाव गमावलं असं मी समजतो. गडबडीच्या क्षणी एका दाबात पूर्ण उजेड मिळाला पाहिजे. स्ट्रोबबद्दलचा समजही थोडा आवरायला हवा. वेगाने लुकलुकणाऱ्या झोताने अंधारात समोरचा दिपतो, गोंधळतो, हे खरं. पण तो जागच्या जागी खिळून बसत नाही, आणि दिवसाउजेडी तर फारसा परिणामच होत नाही. गंमत म्हणूनही तो कोणाच्या डोळ्यांवर मारू नये, कारण काही अपस्मारग्रस्तांना अशा लुकलुकण्याने झटका येऊ शकतो.

‘मिलिटरी ग्रेड अ‍ॅल्युमिनियम’ हा त्याच घरातला दुसरा शब्द. चांगल्या टॉर्चची नळी बहुधा ६०६१-टी६ मिश्रधातूची असते. चांगला धातू आहे, पण सायकलच्या चौकटीही त्याच्याच बनतात. लष्कराशी खरा संबंध पृष्ठभागावरच्या थराचा आहे. ‘टाईप थ्री हार्ड अ‍ॅनोडायझिंग’ हे नाव अमेरिकी लष्करी मानकातून आलंय. तो थर कठीण असतो, चाव्यांसोबत खिशात राहूनही लवकर ओरखडत नाही. टॉर्च पडल्यावर आतलं सर्किट शाबूत राहील का, याच्याशी मात्र त्याचा संबंध नाही. त्यासाठी पडण्याची चाचणी वेगळी असते आणि किती मीटरवरून पाडला ते खोक्यावर लिहिलेलं असतं.

पाण्याचं थोडक्यात. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि आयपीएक्स८ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल ते उत्पादकाने ठरवलेलं. चाचणी गोड्या पाण्यात होते. समुद्रावर वापरलात तर घरी येऊन नळाखाली धरा. पुढचं तोंड मागे-पुढे सरकवायच्या ‘झूम’ टॉर्चवर माझा तरी विश्वास नाही. तोंड सरकताना हवा आत-बाहेर होते, तिच्यामागून पावसात ओल शिरते, आणि झोत आवळला की बराच उजेड आतच अडतो.

आणि ज्याला रात्रपाळीच्या विजेवर मोटार चालू करायला शेतात जावं लागतं, त्याला यातलं काहीच नको. त्याला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून कपाळावरचा हेडलॅम्प हवा.

‘पांढराशुभ्र उजेड म्हणजे स्वच्छ उजेड’

निळसर पांढऱ्या, ६,५०० केल्व्हिनच्या उजेडाचे ल्युमेन जास्त भरतात, म्हणून स्वस्त टॉर्चमध्ये तोच असतो. त्यात पाचोळा, माती, वाळलेलं गवत सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या सड्यावर रात्री चालणाऱ्याला विचारा, तपकिरी पाचोळ्यात तपकिरी फुरसं पडलेलं असताना रंगातला तेवढाच फरक किती मोलाचा असतो. ४,००० ते ५,००० केल्व्हिनचा, कमी निळसर उजेड आणि ९०च्या वर ‘सीआरआय’ (रंग किती खरे दिसतात याचं माप) असलेली एलईडी घ्या. त्यात काही ल्युमेन कमी मिळतात, पण मी ते आनंदाने सोडीन.

टॉर्च धरायचा कुठे, यालाही महत्त्व आहे. पावसाळ्यात घाटमाथ्यावर ढग उतरले की कपाळावरचा हेडलॅम्प डोळ्यांपुढे पांढरी भिंत उभी करतो, कारण धुक्याचे थेंब उजेड आल्या वाटेने परत फेकतात. तेव्हा टॉर्च कमरेच्या खाली धरावा. बिबट्याच्या बाबतीत नेमकं उलट. त्याच्या डोळ्यांमागचा चमकता पडदासुद्धा उजेड आल्या वाटेनेच परत पाठवतो, म्हणून उसाच्या कडेने टॉर्च डोळ्यांशेजारी धरला तरच ते दोन ठिपके चमकताना दिसतात. धुक्याला कमरेशी, बिबट्याला डोळ्याशी.

‘टाईप-सीने चार्ज होतो, मग काळजी कसली’

पुन्हा आजोबांच्या ‘बॅटरी’कडे. लिथियम सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. अडीच व्होल्टच्या खाली गेला की आतून बिघडायला लागतो. महिनोन् महिने कपाटात ठेवायचा असेल तर निम्माच भरून ठेवावा, आणि उन्हातल्या गाडीत कधीच ठेवू नये. भारतात अशा सेलांना आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे, म्हणून सेलावर किंवा वेष्टनावर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक शोधावा. विमानाने जाताना सुटे सेल हातातल्या सामानात न्यायचे असतात, चेक-इनच्या बॅगेत नाही.

सॅकमध्ये चुकून बटण दाबलं गेलं तर काय होतं, ते मी एका पावसाळी ट्रेकला शिकलो. वर पोचून सॅक उघडली तेव्हा नव्या रेनकोटला वितळून पडलेलं रुपयाएवढं भोक होतं आणि टॉर्च हात लावू देत नव्हता. उपाय फुकटातला आहे. अ‍ॅनोडायझिंगचा थर वीज वाहू देत नाही, म्हणून आटे नीट अ‍ॅनोडाइज केलेले असतील तर शेपटाचं झाकण पाव फेरा सैल केल्याबरोबर सर्किट तुटतं आणि कितीही बटण दाबलं तरी दिवा लागत नाही. हे दुकानातच करून बघावं. झाकण सैल करूनही टॉर्च पेटत राहिला, तर थर आट्यांपर्यंत पोचलेलाच नाही, आणि मग सॅकमध्ये ठेवताना सेल बाहेर काढून ठेवायची सवय लावून घ्यावी लागते.