बारावीनंतर वर्ष मोकळे गेले, तर शिष्यवृत्तीचे काय?



बारावीचा निकाल लागला की घरोघर दोन प्रश्न उभे राहतात. लेकरू पुढे काय शिकणार, आणि त्याला पैसा कोठून आणणार? या दोन्हींची तोंडमिळवणी झाली नाही, की घरातले कोणीतरी जाणते माणूस म्हणते, "राहू द्या यंदा. पुढच्या वर्षी बघू."

हे कोणी हौसेने म्हणत नाही. २०२३ साली आपल्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई, धारूर आणि वडवणी या तालुक्यांत सरकारने दुष्काळ जाहीर केला. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने आणि पुराने हाताशी आलेली पिके नेली. अशा वर्षी फी कशातून भरायची? ऊसतोडीला जाणाऱ्या घरात मुकादमाची उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळी झाली की आई-वडील कोयता घेऊन कारखान्याची वाट धरतात. मागे म्हातारी माणसे, धाकटी भावंडे आणि जनावरे यांच्याजवळ बारावी झालेले लेकरू राहते. कोणाला नीटमध्ये मार्क कमी पडतात आणि लातूरला राहून वर्षभर पुन्हा तयारी करायची असते. कारणे निरनिराळी, पण वर्ष मोकळे जाते.

शेतीच्या कामानिमित्त गावोगाव फिरताना खते-बियाण्यांच्या बरोबरीने हा प्रश्न कानावर येतो, "साहेब, पोराचा एक वर्षाचा खंड पडला. आता स्कॉलरशिप बंद झाली का?"

उत्तर आधीच सांगतो. एक वर्ष घरी राहिल्याने राज्य सरकारची शिष्यवृत्ती बुडत नाही. ती अडते दोन गोष्टींनी. एक, कागद शिळे झाल्याने. दुसरी, नावापुरता कोठेतरी प्रवेश घेऊन तो मध्येच सोडल्याने. हे दोन्ही आपल्या हातातले आहे.

जागा राखून राहत नाही

परदेशातल्या काही विद्यापीठांत मिळालेला प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो. जागा त्या विद्यार्थ्याच्या नावावर राहते. आपल्याकडच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत अशी सोय नाही. यंदा मिळालेली जागा सोडली ती सोडली. पुढच्या वर्षी नवा अर्ज, नवी यादी आणि नवा क्रमांक.

बारावीचे मार्क शिळे होत नाहीत. पण सीईटी आणि नीट यांचे मार्क त्या त्या वर्षाच्या प्रवेशापुरतेच चालतात. म्हणून बी.एस्सी. कृषी, इंजिनिअरिंग किंवा फार्मसीला पुढच्या वर्षी जायचे असेल, तर सीईटीचा फॉर्म पुन्हा भरावा लागतो. तो निकालाच्या कितीतरी आधी भरायचा असतो. जूनमध्ये जागे झालात तर दुसरेही वर्ष गेले समजा.

शिष्यवृत्तीचेही तसेच आहे. ती मुलाच्या नावाने बाजूला काढून ठेवलेली रक्कम नव्हे. मुलाचा प्रवेश होतो, तो महाडीबीटीवर अर्ज भरतो, कॉलेज तो तपासून पुढे पाठवते, आणि त्या वर्षाची मंजुरी मिळते. प्रवेश नाही त्या वर्षी शिष्यवृत्ती नाही. पण ज्या वर्षी प्रवेश होईल त्या वर्षी अर्ज करायला दार उघडे आहे.

खंड कोठे चालतो, कोठे चालत नाही

खुल्या प्रवर्गातील मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. जुनी माणसे तिला अजून ईबीसीच म्हणतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत लागते. या योजनेत खंडाची अट आहे, पण ती नीट वाचा. अभ्यासक्रम चालू असताना २ किंवा अधिक वर्षांचा खंड नको, असे ती सांगते. म्हणजे पहिल्या वर्षाला बसण्याआधी गेलेले एक वर्ष आड येत नाही. प्रवेश घेतल्यावर मात्र मधली वर्षे सोडून चालत नाही.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. इथेही बारावीनंतर एक वर्ष घरी राहिला एवढ्या कारणाने मूल अपात्र ठरत नाही. इतर प्रवर्गांच्या योजना वेगळ्या आहेत. त्यांच्या अटी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातून समजून घ्या.

एका ठिकाणी मात्र मोकळे वर्ष खरोखर महाग पडते. बारावीत आपल्या शाखेत वरच्या २० टक्क्यांत येणाऱ्या मुलांसाठी केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख. पदवीच्या पहिल्या ३ वर्षांत दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. पण ती बारावी झाली त्याच वर्षी पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहे. वर्ष चुकले की ती गेली. तेव्हा मूल खूप मार्कांनी पास झाले असेल, तर "पुढच्या वर्षी बघू" म्हणण्याआधी ही रक्कमही हिशेबात धरा.

नावापुरता प्रवेश नको

आता खरी अडचण कोठे होते ते पाहा. समजा, एका मुलाला कृषी पदवीला जायचे आहे, पण सीईटीत मार्क कमी पडले. घरचे म्हणतात, रिकामा बसू नको, बी.ए.ला नाव घालून ठेव, स्कॉलरशिप तरी येईल. तो नाव घालतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, वर्गात बसत नाही, आणि सीईटीची तयारी करतो. पुढच्या वर्षी कृषीला नंबर लागतो. आनंद होतो, आणि मग कागद आडवे येतात.

पहिली गोष्ट, शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टी.सी., त्या कॉलेजात अडकलेला असतो. दुसरी, नव्या अर्जात मागच्या शिक्षणाची माहिती भरावी लागते. मी घरी होतो असे लिहिले तर ते खोटे ठरते. तिसरी गोष्ट सर्वात जड आहे. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमात स्पष्ट आहे, की ज्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली ते वर्षाच्या मध्येच सोडले, तर दिलेली रक्कम सरकार परत मागू शकते. परवानगी न घेता अभ्यासक्रम किंवा कॉलेज बदलले, तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. खोटी माहिती देऊन घेतलेली रक्कम तर वसूल होतेच, शिवाय पुढची दारेही बंद होतात.

कोरडवाहू रब्बी ज्वारीसाठी आपण रान खरिपात मोकळे ठेवतो. कुळवाच्या पाळ्या देतो, ओल धरून ठेवतो. ते रान वाया गेले असे कोणी म्हणत नाही. पण बी पेरून मोड आल्यावर शेत सोडून दिले, तर बीही गेले आणि ओलही गेली. मुलाच्या वर्षाचेही तसेच आहे.

प्रवेश घेतलाच असेल आणि मन बदलले असेल, तर गुपचूप जाणे बंद करू नका. मुदतीच्या आत लेखी अर्ज देऊन प्रवेश रद्द करा. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला असेल तर तोही मागे घेण्याबाबत कॉलेजला लेखी कळवा. टी.सी. हातात घ्या. मुदतीत रद्द केले तर भरलेली फीही नियमाप्रमाणे परत मिळते.

मोकळ्या वर्षात करायची कामे

एक, खंडाचे प्रतिज्ञापत्र. यालाच गॅप सर्टिफिकेट म्हणतात. अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत मी कोठेही प्रवेश घेतला नव्हता, त्याचे कारण हे, असे त्यात लिहायचे असते. नोटरीसमोर किंवा तहसील कार्यालयात ते करता येते. कारण खरे लिहा. घरची अडचण लिहिण्यात कमीपणा नाही.

दोन, उत्पन्नाचा दाखला. तो ३१ मार्चपर्यंतच चालतो. गेल्या वर्षी काढलेला दाखला या वर्षीच्या प्रवेशाला लावला की अर्ज परत येतो. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर यांचीही मुदत तपासा. कारखान्याचा पट्टा पडून माणसे गावी आली, की एप्रिल-मे महिन्यातच तलाठ्याकडे आणि सेतू केंद्रात जा. जूनमध्ये तेथे पाय ठेवायला जागा नसते.

तीन, जात पडताळणी. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जायचे तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याला आजोबा-पणजोबांचे जुने पुरावे शोधावे लागतात आणि वेळ जातो. मोकळ्या वर्षाचा याहून चांगला उपयोग नाही.

चार, बँक खाते आणि मोबाईल. शिष्यवृत्ती आधारला जोडलेल्या खात्यावर येते. ते खाते चालू ठेवा. ऊसतोडीवर गेल्यावर पुष्कळ जण मोबाईल नंबर बदलतात. मग अर्जाचा ओटीपी जुन्या नंबरावर जातो आणि मूल तिकडे खोळंबते. आधारला जोडलेला नंबर बदलू नका.

पाच, जमीन थोडी असेल तर अल्पभूधारकाचा दाखला काढून ठेवा. बाहेरगावी राहून शिकणाऱ्या मुलाला डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेसाठी तो उपयोगी पडतो.

मुलीचे वर्ष मोकळे ठेवण्याआधी

भगिनींनो, हे तुम्हाला खास सांगणे आहे. मुलगा वर्षभर घरी राहिला तर लोक विचारतात, पुढे काय शिकणार? मुलगी वर्षभर घरी राहिली की पाहुणे स्थळ घेऊन येतात. मुलाचे मोकळे वर्ष एका वर्षाने संपते, मुलीचे पुष्कळदा संपतच नाही. कागदातल्या खंडाला प्रतिज्ञापत्र चालते, या खंडाला कोणतेच चालत नाही.

आणि तिच्या फीची अडचण आता पूर्वीएवढी राहिलेली नाही. २०२४-२५ या वर्षापासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. राहण्या-जेवण्याचा खर्च उरतो, त्यासाठी वसतिगृहाचा अर्ज वेळेत भरा. पैशाच्या काळजीने मुलीला घरी ठेवायचे ठरवत असाल, तर आधी जवळच्या कॉलेजात जाऊन तिची फी नक्की किती पडते हे विचारा. मग निर्णय घ्या.

वर्ष थांबणे ही कधी कधी घराची गरज असते. थांबायचे तर ठरवून थांबा, कागद जागते ठेवा, आणि पुढच्या प्रवेशाची तारीख आजच घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.