कुवेत टॉवर्सची दुरुस्ती

मुलांनो, अर्दियाहून कुवेत सिटीत समुद्राकाठी गेलात, की लांबूनच काय दिसतं? काठीत ओवलेले निळे-हिरवे मोठ्ठे गोळे! हेच आपले कुवेत टॉवर्स. ते १९७९ साली लोकांसाठी खुले झाले.

टॉवर तीन आहेत. सर्वात उंच टॉवर १८७ मीटरचा. त्याला दोन गोळे आहेत. वरचा गोळा हळूहळू फिरतो. एका फेरीला अर्धा तास लागतो. खालच्या गोळ्यात वर रेस्टॉरंट आहे आणि त्याच्याखाली चक्क पाणी! दुसऱ्या टॉवरचा गोळा म्हणजे तर पाण्याची टाकीच. तिसरा टॉवर बारीक आहे. त्यावरून बाकी दोघांवर दिव्यांचा प्रकाश पडतो.

टाकी उंच का बांधतात? वरून खाली येताना पाण्याला जोर मिळतो, म्हणून. महाराष्ट्रात गावोगावी उंच टाकी दिसते, तीही याचसाठी. कुवेतमध्ये नदी नाही. पूर्वी इथे पिण्याचं पाणी होडीतून आणावं लागायचं. आता समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून ते पिण्याजोगं करतात.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर हल्ला केला. फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेत मुक्त झालं, तेव्हा टॉवर्समध्ये बरीच मोडतोड झाली होती. लोकांनी ते पाडले नाहीत, दुरुस्त केले.

पण युद्ध नसलं तरी इमारत झिजतेच. गोळ्यांवर सुमारे ४१,००० रंगीत चकत्या आहेत. त्या एनॅमल चढवलेल्या पोलादाच्या आहेत. एनॅमल म्हणजे भट्टीत भाजून चढवलेला काचेसारखा थर. आजीकडे निळ्या काठाचा पांढरा मग असतो ना, तसा. मगाचा टवका उडाला, की तिथे गंज चढतो. समुद्राकाठी खारी हवा असल्यामुळे गंज आणखी लवकर धरतो.

२०१२ मध्ये टॉवर्स देखभालीसाठी बंद केले, ते २०१६ मध्ये उघडले. कॉम्प्युटर अपडेट होताना आपण थोडा वेळ थांबतो. इथे लोक चार वर्षं थांबले! मुंबईला गेलात, की कमला नेहरू पार्कमधला म्हातारीचा बूट बघा. ऊन-पाऊस त्यालाही लागतो. फोटो सगळ्यांनाच हवा असतो, पण कुणीतरी रंग आणि डागडुजीही करावी लागते.

विचार करा आणि सांगा
१. पाण्याची टाकी उंचावर का असते?
२. ‘डागडुजी’ म्हणजे काय? तुमच्या घरात कशाची डागडुजी करायला हवी?
३. मोडलेली वस्तू कधी टाकावी आणि कधी दुरुस्त करावी? घरी आई-बाबांना विचारा.