वजनाची शस्त्रक्रिया : आधी विम्याची फाईल, मग ताटाचा हिशेब

वजन उतरवण्यासाठी पोटावर करायची शस्त्रक्रिया म्हटली, की पुष्कळांना २०१७ साली इजिप्तहून मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलेली इमान अहमद ही महिला आठवते. तिचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत छापून आले होते. त्याआधी २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, त्याचीही बरीच चर्चा झाली. त्यामुळे हा उपचार एक तर अंथरुणाला खिळलेल्यांसाठी, नाही तर मोठ्या लोकांसाठी, असा समज पसरला. तो बरोबर नाही.

कर्जत तालुक्यातील वाड्यांवरच्या कुपोषणाच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. पण त्याच तालुक्यात कशेळे, नेरळ, कर्जत आणि पलीकडे खोपोलीच्या बाजारपेठांत मधुमेह, गुडघेदुखी आणि वाढते वजन घेऊन दवाखान्याची पायरी चढणारेही आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे २४ टक्के स्त्रियांचे आणि २३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणाबाहेर होते. यातील फार थोड्यांना शस्त्रक्रियेची गरज पडते. पण ज्यांना पडते, त्यांच्यापुढे दोन अडचणी उभ्या राहतात. खर्चाला विमा कंपनी मंजुरी देईल का, आणि घरी आल्यावर खायचे काय? शस्त्रक्रिया दोन-तीन तासांची असते, पण या दोन प्रश्नांची तयारी कित्येक महिने आधी सुरू करावी लागते.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय?

दोन प्रकार अधिक प्रचलित आहेत. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा मोठा भाग काढून केळ्याएवढी अरुंद नळी ठेवतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्हींत भूक कमी होते, थोड्या अन्नाने पोट भरते आणि अनेकांचा मधुमेहही आटोक्यात येतो. यात चरबी कापून काढत नाहीत आणि हा सौंदर्योपचारही नव्हे. ही गोष्ट विम्याच्या अर्जातही स्पष्ट असावी लागते.

डॉक्टरांचे माप आणि कंपनीचे माप

वजन किलोमध्ये घेऊन त्याला मीटरमधील उंचीने दोनदा भागले, की जो आकडा येतो त्याला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बी.एम.आय. म्हणतात. आपल्या देशातील विमा नियामक प्राधिकरणाने लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेसाठी सर्व कंपन्यांना एकच ठरावीक कलम दिले आहे. २०१९ साली त्याची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. पॉलिसीत ते 'एक्सक्लूजन ०६' या क्रमांकाने सापडते. त्यातील अटी अशा :

१. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि मान्य वैद्यकीय पद्धतीनुसार असावी.
२. रुग्णाचे वय १८ वर्षे किंवा अधिक असावे.
३. बी.एम.आय. ४० किंवा त्याहून जास्त असावा.
४. तो ३५ किंवा त्याहून जास्त पण ४० पेक्षा कमी असेल, तर लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा रोग, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, यांपैकी एक तरी आजार असावा. शिवाय वजन उतरवण्याचे साधे उपाय करून ते फसलेले असावेत.

या यादीत गुडघेदुखी नाही, रक्तदाब नाही, यकृतावरची चरबी नाही. रुग्णाला सर्वांत जास्त त्रास गुडघ्याचा असतो आणि कागदावर तेवढेच लिहिले जाते. मग अर्ज परत येतो. झोपेत घोरणे आणि श्वास अडकणे असेल, तर त्याची निद्रा-तपासणी करून अहवाल जोडावा. मधुमेह असेल, तर एच.बी.ए.वन.सी. या तपासणीचे मागचे सर्व अहवाल जोडावेत.

४० आणि ३५ हे आकडे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या परिषदेत १९९१ साली ठरले होते. पुढे भारतीय तज्ज्ञांना असे दिसले, की आपल्या लोकांत कमी वजनालाच मधुमेह आणि हृदयरोग गाठतात. म्हणून २००९ सालच्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात ही मर्यादा आजार असल्यास ३२.५ आणि नसल्यास ३७.५ अशी खाली आणली गेली. २०२२ साली लठ्ठपणाच्या शल्यविशारदांच्या दोन मोठ्या संघटनांनी ती आणखी खाली आणली. विम्याचे कलम मात्र जुन्याच आकड्यांवर उभे आहे.

याचा अर्थ एका उदाहरणाने पाहू. समजा, कशेळ्यातील एका पंचेचाळीस वर्षांच्या गृहिणीची उंची १५५ सेंटिमीटर, वजन ८२ किलो आणि मधुमेह गोळ्या-इंजेक्शनांनाही दाद देत नाही. तिचा बी.एम.आय. ३४ च्या थोडा वर येतो. डॉक्टर म्हणतील शस्त्रक्रिया योग्य, कंपनी म्हणेल ३५ नाही. तिच्या उंचीला ३५ चा आकडा सुमारे ८४ किलोला येतो. दोन किलोंसाठी लाखो रुपयांचा भार घरावर येतो. अशा वेळी मुद्दाम वजन वाढवणे किंवा कागदावर वाढवून लिहिणे हे दोन्ही टाळावे. पहिल्याने शस्त्रक्रियेचा धोका वाढतो आणि दुसरे म्हणजे फसवणूक ठरते, पॉलिसीच रद्द होऊ शकते. आपल्या पॉलिसीत मूळ कलमापेक्षा काही जास्तीचा लाभ दिला आहे का, हे कंपनीकडून लेखी विचारावे. मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत चौकशी करावी आणि तोवर मधुमेहाचे उपचार सोडू नयेत.

फाईल आजपासून बांधा

'साधे उपाय फसले' हे सिद्ध कसे करायचे? गावातल्या डॉक्टरांकडे जाताना प्रत्येक भेटीत वजन आणि तारीख कागदावर लिहून घ्यावी. आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ता, घेतलेली औषधे, चालण्याचा सल्ला हे सर्व कागद तारखेप्रमाणे लावून ठेवावेत. सहा महिन्यांच्या अशा नोंदी शेवटच्या दिवशी मिळवलेल्या जाडजूड प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलतात.

पॉलिसीत आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, प्रतीक्षाकाळ. आधीपासून असलेल्या आजारांसाठी तो २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेलाही अनेक पॉलिसींत वेगळा काळ असतो. दुसरी, रकमेची मर्यादा. विमा पाच लाखांचा असला, तरी या शस्त्रक्रियेसाठी कमी रक्कम लिहिलेली असू शकते. तिसरी, खोलीचे भाडे. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, तर काही पॉलिसींत डॉक्टरांच्या फीसह इतर खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो.

पॉलिसी घेताना मधुमेह किंवा वजन लपवू नये. एजंटाने 'काही लिहू नका' असे सांगितले, तरी सही आपली असते. खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी कंपनीच्या गटविम्याचे कागद मागून घ्यावेत, त्यात प्रतीक्षाकाळ माफ केलेला असू शकतो. राज्य कामगार विमा योजनेच्या सभासदांनी तिथे विचारावे. सरकारी जनआरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. पण ही शस्त्रक्रिया तिच्या यादीत आहे असे गृहीत धरू नये. रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारून खात्री करावी.

रोख पैसे न भरता उपचार हवे असतील, तर रुग्णालयाच्या विमा विभागामार्फत पूर्वमंजुरीचा अर्ज जातो. २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीने त्यावर एका तासात निर्णय द्यायचा आहे आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. तरीही शस्त्रक्रिया ठरवून करायची असल्याने अर्ज काही दिवस आधीच द्यावा. शंका आली तर उत्तर द्यायला वेळ मिळतो. पहिली मंजुरी म्हणजे पूर्ण बिलाची हमी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

नकार आला तर

नकार तोंडी घेऊ नये. कोणत्या कलमाखाली नाकारले ते लेखी मागावे, ते देणे कंपनीवर बंधनकारक आहे. 'हा सौंदर्योपचार आहे' असे उत्तर असेल, तर वरील कलमाचा हवाला देऊन डॉक्टरांचे पत्र जोडावे आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे फेरविचार मागावा. नियामक प्राधिकरणाकडे तक्रारीसाठी १५५२५५ हा क्रमांक आहे. कंपनीने एक महिन्यात उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. त्याखेरीज अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे मुदत दोन वर्षांची असते.

घरी आल्यावर ताटात काय?

मंजुरी मिळाली, शस्त्रक्रिया झाली, आता खरी कसोटी सुरू होते. जठरातील टाके भरून येईपर्यंत अन्न टप्प्याटप्प्याने घट्ट करायचे असते. प्रत्येक रुग्णालयाचा तक्ता थोडा वेगळा असतो आणि तोच पाळावा. सर्वसाधारण क्रम असा :

पहिले एक-दोन दिवस : पाणी, वरणाचे वरचे निवळ पाणी, भाज्यांचे गाळलेले सूप. घोट-घोट, घाई न करता.

दोन आठवड्यांपर्यंत : बिनसाखरेचे दूध, पातळ ताक, मुगाचे गाळलेले कढण, नाचणीची पातळ गाळलेली आंबील, डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर.

तिसरा-चौथा आठवडा : घोटलेले मुगाचे वरण, दही, कुस्करलेले पनीर, मऊ अंडे, शिजवून घोटलेला दुधी किंवा भोपळा. एका वेळी दोन-तीन मोठे चमचे.

पाचवा-सहावा आठवडा : काटे काढलेला मऊ मासा, डाळ जास्त आणि तांदूळ कमी अशी मऊ खिचडी, चांगले शिजलेले सोललेल्या वालाचे बिरडे.

त्यानंतर हळूहळू घरचे जेवण. मात्र ताटातला क्रम बदलतो. आपल्याकडे भात किंवा तांदळाची भाकरी आधी आणि कालवण तोंडी लावायला. आता आधी प्रथिने, मग भाजी आणि जागा उरली तर भाकरीचा चतकोर. भाताचा घट्ट गोळा आणि न चावलेली भाकरी लहान जठरात अडकून उलटी होते. प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावावा. जेवताना पाणी पिऊ नये, जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास अंतर ठेवावे. दिवसभरात मात्र दीड ते दोन लिटर पाणी पोटात गेलेच पाहिजे.

प्रथिने रोज ६० ते ८० ग्रॅम हवीत. अर्धा लिटरला थोडे कमी दूध १३ ग्रॅम, दोन अंडी १२, दोन मुठी डाळ १४, ५० ग्रॅम पनीर ९ आणि १०० ग्रॅम मासा २० ग्रॅम देतो. बेरीज ६८ होते. शाकाहारी घरांत सोयाबीनच्या वड्या उपयोगी पडतात, २५ ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे १३ ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिने कमी पडली, की अशक्तपणा येतो. तीन ते सहा महिन्यांत केस गळतात ते वजन झपाट्याने उतरल्यामुळेही असते आणि सहसा पुन्हा येतात, पण प्रथिनांची हयगय झाली तर ते लांबते.

गणपतीतले मोदक, लग्नातली जिलबी यांबाबत सावध राहावे. विशेषतः बायपासनंतर गोड पटकन आतड्यात उतरते आणि धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब असा त्रास होतो. थंडीत पोपटी लागली, तर मडक्यातले अंडे आणि वालाचे चार दाणे सावकाश चावून खावेत, बटाटा दुसऱ्याला द्यावा. पहिल्या वर्षात साबुदाण्यावरचे उपवास नकोत. आणि घरच्यांनी 'एवढंसंच खाल्लंस?' म्हणून आग्रह करू नये. रुग्णाला खरी मदत तीच होय.

गोळ्या जन्मभर

मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हे बहुतेकांना कायम घ्यावे लागते. इथे विमा पुन्हा आडवा येतो. जीवनसत्त्वे आणि पूरक आहाराचा खर्च, रुग्णालयातील उपचाराचा भाग म्हणून डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मिळत नाही. घरी सोडतानाच्या कागदावर ती औषधे लिहून घेतली, तर पुढच्या काही दिवसांचा खर्च पॉलिसीप्रमाणे मागता येतो. त्यानंतरचा खर्च आपलाच आहे. शस्त्रक्रियेच्या खर्चाचा विचार करताना या दरमहाच्या गोळ्यांचा आणि वर्षातून एकदा करायच्या रक्ततपासणीचाही विचार करावा. हे परवडणार नसेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

मधुमेहाच्या गोळ्या शस्त्रक्रियेनंतर लगेच कमी कराव्या लागतात, जुन्या मात्रेने घेतल्यास साखर धोकादायक उतरते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. तंबाखू आणि दारू वर्ज्य. तरुण स्त्रियांनी बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी.

ताप, वाढती पोटदुखी, धाप, नाडीचे ठोके १२० च्या वर, पिंढरीला सूज किंवा थांबत नसलेली उलटी, यांपैकी काहीही झाले तर सकाळच्या लोकलची वाट पाहू नये. कशेळ्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे, घरी सोडल्याचा कागद दाखवावा आणि शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावावा. सतत उलट्या होत राहिल्या, तर बी-१ जीवनसत्त्व संपून मेंदू आणि नसांना इजा होऊ शकते. ते टाळण्यासाठी इंजेक्शन वेळेवर मिळणे महत्त्वाचे असते.

वाचकहो, ज्यांना हा उपचार सुचवला गेला आहे, त्यांनी या आठवड्यात दोनच कामे करावीत. पॉलिसी काढून 'एक्सक्लूजन ०६' वाचावे आणि आजचे वजन तारखेसह डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. पुढच्या सगळ्या निर्णयांना त्याचा आधार मिळेल.