जांबागेतील विवेकवर्धिनी

हैदराबाद शहरातील जांबाग भागात विवेकवर्धिनी शिक्षणसंस्थेचे महाविद्यालय आहे. उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न असलेल्या या महाविद्यालयात तेलुगू व उर्दू भाषिक विद्यार्थीही शिकतात. तथापि ज्या शाळेतून त्याचा विस्तार झाला, ती मराठी भाषिकांनी स्वतःच्या निकडीपोटी उभी केलेली होती.

निजामाच्या राज्यातील सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी व तीन कानडी भाषिक होते. कारभाराची भाषा मात्र उर्दू. पुढील शिक्षण, नोकरी अथवा वकिली यांची वाट उर्दूतूनच जात असल्याने मराठवाड्यातील मुलाला मातृभाषा मागे ठेवावी लागे. ही अडचण ओळखून केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदी मंडळींनी 1906-07 च्या सुमारास विवेकवर्धिनी पाठशाळा सुरू केली. केशवराव मूळचे वसमत परिसरातील. वकिलीत नाव मिळवून पुढे ते हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. चित्रकलेच्या व्यवसायानिमित्त त्या काळी हैदराबादेत राहणारे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही या कार्यात सहभागी होते.

1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग निःसंशय थोर होता. परंतु ती भाषा उर्दू असल्याने राज्यातील बहुसंख्य प्रजेच्या दृष्टीने मूळ प्रश्न तसाच राहिला. पुढील दशकात खाजगी शाळांवर परवानगीचे निर्बंध आले, आणि लोकाश्रयावर चालणाऱ्या शाळांचे मोल अधिकच वाढले.

संस्थेच्या इतिहासातील एक प्रसंग मराठी वाचकाने आवर्जून ध्यानात ठेवावा असा आहे. नोव्हेंबर 1921 मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली विवेकवर्धिनीत सामाजिक परिषद भरली होती. तेथे आलंपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलू लागताच श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडविली. स्वभाषेच्या उपेक्षेने व्यथित झालेल्यांच्या सभेतच दुसऱ्याच्या भाषेची अवहेलना व्हावी, हे खेदजनक होय. दुखावलेल्या तेलुगू कार्यकर्त्यांनी आंध्र जनसंघम् स्थापन केला. पुढील आंध्र महासभेचे मूळ त्यातच आहे.

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम बदलून इंग्रजी झाले. त्यानंतर 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे तेव्हाचे पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, तर हैदराबाद आंध्र प्रदेशची राजधानी झाले. 1958 साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ सुरू होताच उच्च शिक्षणासाठी हैदराबादकडे येणारा मराठी विद्यार्थ्यांचा ओघ त्या दिशेस वळला. ज्या प्रदेशाच्या भरवशावर संस्था उभी होती, तोच राज्याच्या सीमेपलीकडे गेला.

अशा वेळी अनेक संस्था केवळ स्नेहसंमेलनापुरत्या उरतात. विवेकवर्धिनीने मात्र आपले वर्ग शहरातील सर्वांना खुले ठेवले. भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापून चालविण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 30 ने दिलेला आहे. अन्य भाषिकांना प्रवेश दिल्याने तो हक्क लोप पावत नाही. 2014 साली हैदराबाद तेलंगणात आले, त्यानंतरही मराठी मंडळींनी स्थापिलेल्या या संस्थेचे महाविद्यालय जांबागेतच चालू राहिले आहे.