थंड प्रदेशातील एल्डरबेरी

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात ओढ्यांच्या काठी आणि कुंपणांच्या कडेने एल्डरबेरीची झुडपे आपोआप वाढलेली आढळतात. वनस्पतिशास्त्रात या झुडपास 'सांबुकस कॅनडेन्सिस' असे नाव आहे. वाटाण्याहून लहान अशी त्याची जांभळट काळी फळे मोठमोठ्या घोसांनी लागतात. रानटी झुडपांतून निवड करून पुढे लागवडीयोग्य वाण तयार करण्यात आले. कॅनडातील केंटव्हिल येथील संशोधन केंद्राचा 'नोव्हा' (१९६०) आणि न्यूयॉर्क राज्यातील जिनीव्हा येथील केंद्राचा 'यॉर्क' (१९६४) हे त्यांपैकी प्रसिद्ध होत. दोन वाण जवळजवळ लावल्यास परपरागीभवन होऊन फळधारणा चांगली होते.

कडाक्याचा हिवाळा हे झुडूप सहज सोसते. त्यास फुले उन्हाळ्याच्या आरंभी येत असल्याने वसंतातील हिमतुषारांपासूनही ती वाचतात. खरी अडचण असते ती अल्प उन्हाळ्याची. शरदातील पहिले हिम पडण्यापूर्वी फळे पिकणे आवश्यक असते.

लागवड वसंताच्या प्रारंभी, दोन ते तीन मीटर अंतरावर करतात. जमीन ओलसर परंतु निचऱ्याची असावी. मुळे उथळ असल्याने खोल खुरपणी करू नये. तण दाबण्यासाठी पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे अधिक श्रेयस्कर.

छाटणीचे मर्म फांदीच्या वयात आहे. जमिनीतून निघालेला धुमारा पहिल्या वर्षी मुख्यतः उंच वाढतो. दुसऱ्या वर्षी त्यास आडव्या उपफांद्या फुटून भरघोस घोस लागतात. तिसऱ्या वर्षानंतर मात्र फांदी क्षीण होते. म्हणून पहिली दोन वर्षे केवळ मोडक्या व वाळलेल्या फांद्या काढतात. त्यानंतर दरवर्षी हिवाळा सरताना, डोळे फुगण्यापूर्वी, तीन वर्षांहून जुन्या फांद्या जमिनीलगत कापतात आणि एक, दोन व तीन वर्षे वयाच्या फांद्या साधारण समान संख्येने, एकूण सहा ते नऊ, राखतात. उबदार भागात काही बागाईतदार दरवर्षी सर्वच झुडूप जमिनीलगत छाटतात. या पद्धतीत श्रम वाचतात. परंतु नव्या धुमाऱ्यांवरील फळे उशिरा पिकत असल्याने थंड प्रदेशात ती हिमाच्या तडाख्यात सापडण्याचा संभव असतो.

फळे पिकू लागताच पक्षी त्यांचा फडशा पाडतात. यास्तव झुडपांवर जाळी घालावी लागते. पाने, देठ आणि कच्ची फळे यांत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. त्यामुळे देठ काढून, पूर्ण पिकलेली फळेच शिजवून मुरंबा किंवा सरबतासाठी वापरावीत.