सह्याद्री: डोंगर की कडा?

पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसलात, तर एक गंमत पाहा. पुणे ते लोणावळा ६४ किलोमीटर. एवढ्या वाटेत गाडी जेमतेम साठसत्तर मीटर चढते. पुढे मात्र कर्जतपर्यंतच्या २८ किलोमीटरांत ती साडेपाचशे मीटरांहून अधिक उतरते. म्हणजे आपण डोंगर ओलांडलाच नाही, एका उंच ओट्यावरून खाली आलो! कोकणातल्या माणसाला सह्याद्री भिंतीसारखा दिसतो; देशावरच्याला तो फारसा जाणवत नाही. दोघांचेही खरे आहे.

हिमालय दोन भूखंडांच्या टकरीत वळ्या पडून वर आला. सह्याद्रीत तशा वळ्या नाहीत. कोणताही कडा पाहा, थर आडवे, एकावर एक रचल्यासारखे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून शिलारस वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. घट्ट कातळाच्या थराचा उभा कडा होतो. सच्छिद्र, ठिसूळ मांजऱ्या झिजून उतार होतो. डोंगराच्या पायऱ्या अशा पडल्या. विहीर खणणाऱ्याला हे कुणी शिकवावे लागत नाही. सुरुंग कुठे लागतो आणि पहार कुठे चालते, हे त्याला ठाऊक असते.

त्यानंतर थोड्याच काळात (भूशास्त्रातला थोडा काळ म्हणजे वीसतीस लाख वर्षे!) पश्चिमेकडचा भूभाग तुटून दूर गेला. आजची सेशेल्स बेटे त्याच तुकड्यावर आहेत. आपल्या बाजूचा काठ उंच राहिला आणि जमीन पूर्वेकडे कलली. म्हणून तर गोदावरी अरबी समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटरांवर उगम पावते आणि त्याच्याकडे पाठ फिरवून साडेचौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते.

या काठावर पावसाळी वारे येऊन आदळतात. कोकणाकडचे ओढे आखूड, पण उतार भारी. ते कड्याचा पायथा पोखरतात, वरचा कातळ आधार सुटून कोसळतो आणि कडा थोडा मागे, पूर्वेकडे सरकतो. माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड हे मुख्य रांगेपासून सुटे उभे आहेत, पण त्यांचे थर त्याच जातीचे. भिंत मागे हटली, हे मागे राहिले.

मग एवढ्या काळात सह्याद्री झिजून सपाट कसा झाला नाही? भरलेला पडाव पाहिला आहे ना? माल उतरवावा तसतसा तो पाण्यातून वर येतो. भूकवचाचेही तसेच. झिजेने दगडाचा भार कमी झाला, की खालची जमीन हळूहळू वर उचलली जाते. झीज आणि उठाव अशा हातात हात घालून चालतात.

कोसळलेले धोंडे आणि माती साठते कड्याखालच्या उतारावर. तिथे पाझर असतो, माती असते, भाताची खाचरे काढता येतात. म्हणून वाड्याही तिथेच वसल्या. आपल्या पूर्वजांना मी मुळीच दोष देत नाही. पण अतिवृष्टीत ही सैल माती पाण्याने फुगते आणि खालच्या घट्ट कातळावरून घसरते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर तशीच दरड आली. पायथा कापून रस्ता किंवा सपाटी केली आणि पाण्याला वाट ठेवली नाही, तर हा धोका वाढतो.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी पावसाळ्याआधी मुलांना घेऊन गावामागचा उतार पाहावा. जमिनीला कमानीसारखी भेग पडली आहे का? झाडे, खांब कलले आहेत का? भेग दिसली तर दोन्ही बाजूंना खुंट्या मारा, सुतळीने अंतर मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. मुसळधार पावसात हे मोजायला उताराजवळ कुणी जाऊ नये. मात्र भेग रुंदावलेली कळली, घराच्या भिंती नव्याने तडकल्या किंवा ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले अथवा आटले, तर ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना कळवा आणि उजेड आहे तोवर गुरांमाणसांसह वाडी सोडा.